प्रवेश आणि आत्मकथन : कोलंबिया विद्यापीठाशी निगडित तीन लेखनकृतींचा विचार

प्रस्तावना

विद्यापीठात प्रवेश मिळणे ही विद्यार्थ्याच्या आयुष्यातील एक महत्त्वाची घटना मानली जाते. परंतु प्रवेश ही एक वाचनप्रक्रियाही असते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. विद्यार्थी काही कागद पाठवितो, संस्था ते वाचते आणि त्या वाचनावरून त्याला आत घ्यावयाचे की नाही हे ठरते. गुणपत्रिका, दाखला, शिफारसपत्र, छायाचित्र, मुलाखत व निबंध ही या वाचनाची साधने होत. कोणते साधन निवडले जाते, यावर विद्यार्थ्याचे कोणते रूप संस्थेला दिसणार हे अवलंबून असते. म्हणून प्रवेशाच्या प्रश्नाकडे शिक्षणशास्त्राबरोबरच साहित्यसमीक्षेच्या अंगानेही पाहता येते.

अमेरिकेतील खासगी विद्यापीठे प्रवेशासाठी विद्यार्थ्याकडून स्वतःविषयीचा निबंध मागतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने साडेसहाशे शब्दांत आपले जीवन सांगावे आणि अपरिचित वाचकाने ते वाचून निर्णय द्यावा, अशी ही पद्धत आहे. हा निबंध आत्मकथनाचाच एक प्रकार ठरतो. मराठी वाचकाला, विशेषतः दलित आत्मकथनांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला, येथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. ज्याच्या हाती दार उघडण्याचा अधिकार आहे त्यालाच आपले जीवन सांगावयाचे असेल, तर त्या सांगण्याचे स्वरूप काय होते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या संदर्भात केला आहे. १७५४ मध्ये किंग्ज कॉलेज या नावाने स्थापन झालेले हे खासगी विद्यापीठ मॅनहॅटनच्या भरवस्तीत, हार्लेमला लागून असलेल्या मॉर्निंगसाइड हाइट्स या भागात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (वास्तव्य १९१३ ते १९१६), आफ्रिकी-अमेरिकी कवी लँग्स्टन ह्यूज (१९२१-२२) आणि एकविसाव्या शतकातील लेखिका याशिका दत्त हे तिघेही येथे विद्यार्थी होते. या तिघांच्या आत्मपर लेखनात प्रवेशाचा अनुभव निरनिराळ्या रीतीने आला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, ‘द बिग सी’ (१९४०) आणि ‘कमिंग आउट अॅज दलित’ (२०१९) या त्या तीन कृती होत.

प्रवेशअर्जाची घडण

अर्जात विद्यार्थ्याचे ‘व्यक्तिमत्त्व’ पाहण्याची पद्धत उदार शैक्षणिक विचारातून जन्माला आली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबियात प्रवेश मुख्यतः परीक्षेतील यशावर मिळत असे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुले न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांतून चांगले गुण मिळवून येथे मोठ्या संख्येने येऊ लागली. ही संख्या विद्यापीठाच्या चालकांना खटकू लागली. निकोलस मरे बटलर हे त्या वेळी अध्यक्ष होते. १९१९ च्या सुमारास प्रवेशअर्जाचे रूप बदलले. अर्जदाराचा धर्म, आईवडिलांचे जन्मस्थान, आईचे माहेरचे आडनाव यांची विचारणा होऊ लागली. छायाचित्र मागविले जाऊ लागले, मुलाखत आली, बुद्धिमापन चाचणी आली. पुढील दोन-तीन वर्षांतच ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून सुमारे २२ टक्क्यांवर आले, असे या विषयाच्या इतिहासकारांनी नोंदविले आहे.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, अर्जात कोठेही ‘ज्यूंना प्रवेश नाही’ असे लिहिलेले नव्हते. चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, नेतृत्वगुण हेच शब्द होते. म्हणजे गुणांच्या आकड्यात जन्म दिसत नव्हता. तो दिसावा यासाठी माणूस ‘समग्रपणे’ वाचण्याची रीत तेथे योजिली गेली. १९२८ मध्ये विद्यापीठाने ब्रुकलिन येथे सेथ लो ज्युनिअर कॉलेज सुरू केले. विज्ञानकथालेखक आयझॅक अॅसिमॉव्ह यांना १९३५ मध्ये कोलंबिया कॉलेजच्या मुलाखतीनंतर तेथे प्रवेश न देता सेथ लोकडे वळविण्यात आले. तेथील विद्यार्थी प्रामुख्याने ज्यू आणि इटालियन कुटुंबांतील होते, हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. विद्यापीठाचे नाव तेच, दार मात्र वेगळे, अशी ही व्यवस्था होती.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ : परवानगीची प्रतीक्षा

डॉ. आंबेडकर १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले. सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती. काही काळ ते विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्रासमवेत राहिले. सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन यांच्या वर्गांत त्यांनी अध्ययन केले, १९१५ मध्ये एम. ए. पदवी मिळविली आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात जातिसंस्थेवरील निबंध वाचला. विद्यार्थिजीवनाचा हा काळ त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाचा मानला जातो.

परंतु सुमारे १९३५-३६ मध्ये त्यांनी हाताने लिहून काढलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या लेखनात या काळाचे वर्णन जवळजवळ नाहीच. कोलंबिया तेथे केवळ एका उल्लेखापुरते येते. युरोप-अमेरिकेतील वास्तव्यामुळे आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, अशा आशयाचे विधान ते करतात आणि लगेच बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर ‘राहावयाचे कोठे’ या प्रश्नाने ती कशी परत आली ते सांगतात. हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे ते पारशी नाव धारण करून पारशी विश्रामगृहात उतरतात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव येतो आणि त्यांना बाहेर पडावे लागते. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे आसरा मिळत नाही. दिवसाचा उरलेला भाग सार्वजनिक बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परततात.

या लेखनाची वाङ्मयीन वैशिष्ट्ये तीन सांगता येतील. पहिले वैशिष्ट्य वाचकासंबंधीचे आहे. आरंभीच लेखक परकीय वाचकाला समोर ठेवतो. अस्पृश्यता आहे हे परकीयांना ठाऊक असले तरी ती प्रत्यक्षात किती जाचक आहे याची त्यांना कल्पना येत नाही, म्हणून हे प्रसंग सांगितले आहेत, अशी त्याची भूमिका आहे. मात्र त्या वाचकाकडून लेखकाला काहीही मिळवावयाचे नाही. सहानुभूतीची याचना येथे नाही. साक्षीदाराने जबाब द्यावा तसा निवेदनाचा स्वर आहे.

दुसरे वैशिष्ट्य निवडीचे आहे. स्वतःच्या कर्तृत्वाची एकही पायरी लेखकाने कथनाचा विषय केलेली नाही. परदेशी पदव्या, शिष्यवृत्ती, प्राध्यापकांचे प्रोत्साहन हे सारे बाजूला ठेवून मसूर स्थानकावरील १९०१ चा प्रसंग, बडोद्याचा प्रसंग, १९२९ मधील चाळीसगावचा टांगा आणि १९३४ मधील दौलताबादच्या किल्ल्यावरील पाण्याचा हौद हे अनुभव त्याने घेतले आहेत. शेवटची दोन प्रकरणे तर त्याच्या स्वतःच्या अनुभवाची नाहीतच. ती इतर अस्पृश्यांवर गुजरात-काठेवाडात ओढवलेल्या प्रसंगांची आहेत. आत्मकथनातील ‘मी’ हळूहळू मागे सरतो आणि त्याच्या जागी एक समूह उभा राहतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य शेवटाचे आहे. बडोद्याच्या प्रसंगाचा शेवट ‘या अनुभवाने मी कणखर झालो’ असा होत नाही. हिंदूला जो अस्पृश्य, तो पारशालाही अस्पृश्यच असतो, हे आपल्याला प्रथमच कळले, असा निष्कर्ष लेखक काढतो. अनुभवातून मिळालेले ज्ञान स्वतःविषयीचे नाही, समाजाविषयीचे आहे.

या दृष्टीने पहिल्या प्रकरणातील शाळेचे चित्र लक्षणीय आहे. मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे, म्हणजे औपचारिक अर्थाने त्याला प्रवेश मिळालेला आहे. पण तो घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात वेगळा बसतो आणि शिपाई नसेल तर त्याला तहानलेले राहावे लागते. पटावर नाव असणे आणि आत असणे यांतील अंतर इतक्या थोडक्या तपशिलांत क्वचितच कोणी दाखविले असेल. शीर्षकातील ‘व्हिसा’ हा शब्दही येथे नवा अर्थ धारण करतो. व्हिसा परक्या देशात शिरण्यासाठी लागतो. लेखकाला न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली. मायदेशात मात्र तो परवानगीच्या प्रतीक्षेत राहिला.

‘द बिग सी’ : खोली आणि वाचनातील चूक

आंबेडकरांनी कोलंबिया सोडल्यानंतर पाच वर्षांनी, १९२१ च्या शरद ऋतूत, लँग्स्टन ह्यूज तेथे दाखल झाले. त्यांचे वडील मेक्सिकोत राहत असत आणि अर्ज तेथूनच पाठविलेला होता. हार्टली हॉल या वसतिगृहातील खोली त्यांनी टपालाने आधीच राखून ठेवली होती. प्रत्यक्षात समोर कृष्णवर्णीय तरुण उभा असल्याचे पाहून कार्यालयातील मंडळी चकित झाली आणि काहीतरी चूक झाली असावी असे सांगू लागली. आरक्षणाची नोंद होती म्हणून अखेरीस खोली द्यावी लागली. ‘द बिग सी’ या आत्मचरित्रातील हा प्रसंग बडोद्याच्या प्रसंगाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे.

दोन्ही प्रसंगांत प्रश्न एका खोलीचा आहे आणि दोन्ही ठिकाणी कागद व माणूस यांत विसंगती आहे. बडोद्यात विश्रामगृहाच्या नोंदवहीत पारशी नाव आहे. न्यूयॉर्कमध्ये अर्जावर मेक्सिकोचा पत्ता आहे. कागदाने दार उघडते आणि माणूस दिसताच, किंवा त्याची जात कळताच, ते बंद होऊ पाहते. फरक असा की, न्यूयॉर्कला आंबेडकरांची जात वाचता येत नव्हती, ह्यूज यांचा वर्ण मात्र दुरूनही वाचता येत होता. म्हणून एकाच विद्यापीठाच्या आवारात, जवळजवळ एकाच काळात, एका विद्यार्थ्याला मुक्ततेचा अनुभव आला आणि दुसऱ्याला नकाराचा. यावरून कोलंबिया उदार होते की अनुदार, असा प्रश्न करणे फारसे उपयोगाचे नाही. संस्थेला कोणता भेद ओळखता येतो आणि कोणता येत नाही, हा प्रश्न अधिक मार्मिक आहे. आंबेडकरांचा मुक्ततेचा अनुभव खरा होता, पण तो सर्वांना मिळणारा नव्हता, हे ह्यूज यांचे लेखन वाचल्यावरच कळते.

ह्यूज यांचे पुढील विद्यार्थिजीवनही याच सूत्राने चालते. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने त्यांच्याकडे विद्यार्थिमंडळांच्या निवासांतील व समारंभांतील बातम्या गोळा करण्याचे काम दिले. जेथे कृष्णवर्णीय मुलाला शिरताच येत नसे, तेथील बातम्या त्याने आणावयाच्या होत्या. ह्यूज यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलेले नाही. किंचित विनोदाच्या अंगाने सांगितले आहे. वर्षभरातच त्यांनी विद्यापीठ सोडले आणि १९२९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठातून पदवी घेतली.

त्यांची १९५१ मधील ‘थीम फॉर इंग्लिश बी’ ही कविता या विषयाच्या संदर्भात टाळता येत नाही. हार्लेमच्या वरच्या टेकडीवरील महाविद्यालयात शिकणारा, वर्गातील एकमेव कृष्णवर्णीय असा विद्यार्थी तिचा निवेदक आहे. स्वतःमधून येईल ते एक पान लिहून आणावे, म्हणजे ते खरे असेल, असे शिक्षकाने सांगितले आहे. हे इतके सोपे आहे का, अशी शंका विद्यार्थ्याच्या मनात येते. आपले पान आपल्या वर्णाचे असेल का, असा विचार तो करतो. नंतर तो श्वेतवर्णीय शिक्षकालाही त्या पानात ओढून घेतो : दोघेही एकमेकांचा भाग आहेत, दोघांनाही ते नेहमी रुचते असे नाही, पण विद्यार्थी शिकतो तसा शिक्षकही त्याच्याकडून शिकतो. पान मागणारा वाचक येथे परीक्षक राहत नाही. तोच पानाचा विषय होतो.

प्रवेशनिबंध : एक लेखनप्रकार

आज अमेरिकेतील बहुतेक खासगी विद्यापीठे ‘कॉमन अॅप्लिकेशन’ या सामाईक अर्जपद्धतीतून अर्ज स्वीकारतात. १९७५ मध्ये पंधरा खासगी महाविद्यालयांनी मिळून ती सुरू केली. तिच्यातील वैयक्तिक निबंधाला २५० ते ६५० शब्दांची मर्यादा आहे. अर्जदाराची पार्श्वभूमी वा ओळख, त्याला आलेली अडचण किंवा अपयश आणि त्यातून तो काय शिकला, अशा आशयाचे विषय त्यात दिले जातात. गेल्या काही वर्षांत कोलंबियाच्या पदवी अभ्यासक्रमांत शंभर अर्जदारांपैकी साधारण चौघांनाच प्रवेश मिळत आला आहे. २०२३ मध्ये या विद्यापीठाने प्रमाणित चाचण्यांचे गुण सादर करणे कायमस्वरूपी ऐच्छिक केल्याचे जाहीर केले. साहजिकच कथनाचे वजन वाढले.

त्याच वर्षी २९ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य व बेकायदेशीर ठरविली. मात्र मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात एक वाट मोकळी ठेवली. वंशामुळे आपल्या जीवनावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिल्यास विद्यापीठाला ते विचारात घेता येईल. मात्र त्यातून दिसणारे धैर्य किंवा नेतृत्व यांसारख्या व्यक्तिगत गुणाशी त्याचा संबंध असला पाहिजे, असा त्या भागाचा आशय आहे. साहित्याच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटेल. भेदभावाचा उल्लेख चालेल, पण तो व्यक्तीच्या गुणाचा पुरावा म्हणून आला पाहिजे, अशी ही अट आहे. न्यायालयाने नकळत एका लेखनप्रकाराचे व्याकरणच सांगितले आहे.

या व्याकरणाचे नियम असे मांडता येतील. पहिला नियम असा की, निवेदकाने स्वतःविषयीच बोलावे. समूहाचा उल्लेख आला तरी शेवटी ‘मी’कडे परतावे. दुसरा, दुःख सांगावे पण ते भूतकाळात ठेवावे. तिसरा, शेवटी उत्कर्ष दाखवावा. आणि चौथा, जो कोठेही लिहिलेला नसतो, तो असा की, वाचकाला प्रश्न विचारू नये. पूर्वी वर्णिलेल्या दोन कृती या चारही नियमांत बसत नाहीत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील ‘मी’ समूहात विरतो. त्यातील दुःख भूतकाळात राहत नाही. शेवटी उत्कर्ष नाही. ह्यूज यांचे निवेदन तर विद्यापीठ सोडून जाण्याकडे वळते आणि त्यांची कविता पान मागणाऱ्यालाच प्रश्न विचारते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ कोलंबियात अभ्यासक्रमात वाचले गेले आहे. तेच लेखन प्रवेशनिबंध म्हणून आले असते तर त्यात ‘व्यक्तिगत वाढ’ दिसत नाही असा शेरा बसण्याचा संभव होता. अर्थात ही केवळ कल्पना आहे. पण वर्गात ज्या लेखनाचा गौरव होतो आणि दारावर ज्या लेखनाची अपेक्षा असते, त्या दोहोंमधील अंतर तिच्यामुळे स्पष्ट होते.

दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. प्रवेशनिबंधामुळे अनेक विद्यार्थ्यांना आकड्यांपलीकडचे काही सांगण्याची संधी मिळते. घरातील जबाबदारी, स्थलांतर, शाळेतील साधनांचा अभाव या गोष्टी गुणपत्रिकेत उमटत नाहीत. तेव्हा ही पद्धत सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. आक्षेप कथनाला नाही. कथनाच्या एकाच साच्याला आहे. शिवाय हा साचा शिकविणारे सल्लागार विकत मिळतात, आणि २०२२ च्या अखेरीपासून संगणकच निबंध लिहून देऊ लागल्यामुळे ‘स्वतःमधून आलेले पान’ ही कल्पना अधिकच अडचणीत आली आहे.

‘कमिंग आउट अॅज दलित’ : न मागितलेले कथन

याशिका दत्त या राजस्थानातील अजमेर येथे वाढलेल्या आणि कोलंबियात पत्रकारितेचे शिक्षण घेतलेल्या लेखिकेने अनेक वर्षे आपली जात लपवून ठेवली होती. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याच्या मृत्यूनंतर तिने ती जाहीरपणे सांगितली. त्यातून सिद्ध झालेल्या ‘कमिंग आउट अॅज दलित’ या पुस्तकाला २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

या कृतीचे महत्त्व असे की, येथे आत्मकथन कोणत्याही अर्जाचा भाग नाही. एका विद्यार्थ्याच्या मृत्यूने ते घडविले आहे. न्यूयॉर्कमध्ये जात दिसत नाही, हा आंबेडकरांच्या काळचा अनुभव शंभर वर्षांनंतर पालटलेला दिसतो. भारतीयांची संख्या वाढली तशी जात ओळखणारी नजरही तेथे पोहोचली. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि ब्राउन विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, हे या बदलाचेच द्योतक आहे. दत्त यांचे लेखन वाङ्मयीन दृष्ट्या सर्वत्र सारखे घट्ट नाही. इतिहास व आकडेवारी सांगणारे भाग आणि आईच्या धडपडीचे भाग यांचा सांधा काही ठिकाणी सुटतो. परंतु लपविण्यासाठी रोज किती श्रम पडतात, याचे त्यातील चित्रण प्रत्ययकारी आहे. बडोद्यातील अकरा दिवसांचे धारण केलेले नाव येथे अनेक वर्षांचे झाले आहे.

मराठी संदर्भ

महाराष्ट्रातील प्रवेशपद्धती याच्या नेमकी उलट आहे. येथे निबंध नाही. बारावीचे गुण, सामाईक प्रवेश परीक्षा, जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र आहे. दाखला विद्यार्थ्याला त्याची कहाणी विचारीत नाही. त्याची तऱ्हा रुक्ष आहे, कचेरीच्या फेऱ्या त्रासदायक आहेत. परंतु आपले दुःख सुबक करून दाखविण्याची सक्ती तेथे नाही. हक्क सिद्ध करावयाचा असतो, वेदना सिद्ध करावयाची नसते. हा फरक किरकोळ नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने ज्या मोकळेपणाने वाचकाला अस्वस्थ करतात, त्यामागे हेही एक कारण असावे की त्यांना कोणत्याही दारापुढे उभे राहून बोलावे लागले नाही.

आता देशातील काही नव्या खासगी विद्यापीठांच्या अर्जांतही वैयक्तिक निबंध आला आहे. २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतील राखीव प्रवेशासाठी कायदा करण्याची मुभा राज्यसंस्थेला दिली. तिचा उपयोग न होता केवळ निबंधाचा स्वीकार झाला, तर हक्काची जागा कथन घेईल. ज्याला चांगल्या इंग्रजीत, ठरलेल्या साच्यात, आपली गोष्ट सांगता येईल त्यालाच ती ऐकविता येईल. ग्रामीण भागातून पहिल्यांदाच महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

निष्कर्ष

तिन्ही कृतींच्या विचारातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, माणूस ‘समग्रपणे’ वाचण्याची प्रवेशपद्धती मुळातच निरागस नाही. कोलंबियात तिचा आरंभ वगळण्याच्या हेतूशी जोडलेला आहे. दोन, आंबेडकर व ह्यूज यांच्या लेखनात प्रवेश म्हणजे पटावर नाव लागणे नव्हे. खोली, पाणी, बसण्याची जागा आणि सोबत यांतून तो दर दिवशी मिळतो किंवा नाकारला जातो. तीन, प्रवेशनिबंधात संस्था विचारते आणि विद्यार्थी उत्तर देतो. या तिन्ही कृतींत लेखक विचारतो आणि उत्तर देण्याची जबाबदारी वाचकावर येते.

कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये आंबेडकरांना सन्मान्य पदवी दिली आणि आपल्या इतिहासात त्यांना आदराचे स्थान दिले. त्यांनी स्वतः मात्र या विद्यार्थिजीवनाचे फलित निराळ्या रीतीने मांडले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. तिने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय काढले. शहरातली ही खासगी महाविद्यालये होती. पण ज्यांना कोणी आत घेत नव्हते त्यांच्यासाठी ती उघडलेली होती. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुस्तिकेच्या रूपात १९९० मध्ये प्रसिद्ध झाले तेही याच संस्थेकडून. परवानगीच्या प्रतीक्षेची ही हकीकत, ज्यांना अशी प्रतीक्षा करावी लागू नये म्हणून महाविद्यालये काढली गेली, त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम त्याच संस्थेने केले.

२०२५ मध्ये अमेरिकी शासनाने अनेक परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यांत कोलंबियातील विद्यार्थीही होते. शीर्षकातील शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थाने विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला. तेव्हा प्रवेश कोणाला मिळाला याची यादी पाहताना, आत आल्यावर त्यांना बसावयास जागा आणि प्यावयास पाणी मिळाले का, हे विचारणे आजही आवश्यक ठरते. साताऱ्याच्या शाळेतील गोणपाटावर बसलेल्या मुलाने हा प्रश्न फार पूर्वी विचारून ठेवला आहे.